स्वतःच्या इंजिनावर

९ जानेवारी

ती. वहिनींस,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहायची पाळी आली. सोबत नमस्कार पाठवतो आहे. ठेवून घ्यायचा की परत करायचा ते तुम्ही ठरवा.

दादाला जाऊन आता तीन महिने होत आले. दुःखाला मुदत नसते हे मान्य, पण भंगाराला असते. शेडमध्ये ती जी वस्तू उभी आहे तिचा निकाल लावायला हवा. उभी आपलं म्हणायचं, खरं तर ती विटांच्या चार थप्प्यांवर टेकलेली आहे. दादाने बारा वर्षांपूर्वी तिला आणलं तेव्हा निदान चाकं होती. मग त्याने ती 'दुरुस्तीला' घेतली आणि दर सुट्टीला एकेक भाग सुटा करत गेला. जुन्या गाड्या जोडणारे हौशी लोक मी पाहिलेत. बारा वर्षं नुसती सोडवत बसणारा आमचा दादाच.

शेड वडिलांची, म्हणजे निम्मी माझी. एक गिऱ्हाईक आलं आहे. गोदामासाठी सबंध शेड विकत मागतोय, मागच्या खोलीसकट. भंगारवाल्याशीही बोलून ठेवलंय, तो गाडी वजनावर उचलेल. तुम्ही फक्त कुलूप उघडून द्या आणि शक्य झालं तर त्या वेळी रडू नका. त्याने भंगाराचा भाव वाढत नाही.

बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस आहे मी. भावना तारण ठेवून कुणाला किती कर्ज मिळतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

लवकर कळवा.

तुमचा धाकटा दीर


१७ जानेवारी

भावजी,

आशीर्वाद. नात्याने द्यावा लागतो म्हणून दिला, मनावर घेऊ नका.

फोन मी मुद्दामच उचलत नाही. फोनवर तुमचं बोलणं संपेपर्यंत ऐकावं लागतं. पत्र कसं, मध्येच खाली ठेवून भाजी चिरता येते.

रडण्याबद्दल निश्चिंत असा. त्या गाडीपायी माझ्या डोळ्यांतून टिपूस निघणार नाही. तिच्यापेक्षा सवत परवडली असती, सवतीला निदान स्वयंपाक तरी येतो. ही बया बारा वर्षं शेड अडवून बसली. मी शाळांचे गणवेश शिवून मिळवायचे आणि हिच्यासाठी नटबोल्ट यायचे. सुट्टीच्या दिवशी नवऱ्याचं तोंड बघायचं तर हिच्याखाली वाकून बघावं लागायचं. तुमचे दादा देवमाणूस होते, पण हाती घेतलेलं एकही काम तडीस न्यायचं नाही अशी त्यांनी जणू शपथ घेतली होती. नळाची गळती अर्धी थांबवली, स्वयंपाकघराची भिंत अर्धी रंगवली, आणि संसारही तसाच मध्ये टाकून गेले.

ते गेले याचं मला दुःख आहे. पण खरं सांगू का, रागही आहे. दुःखाने नुसतं बसून राहता येतं. रागाने कामं होतात.

तेव्हा गाडी विकायची नाही. मी ती पुरी करणार आहे. त्यांच्या आठवणीसाठी वगैरे नव्हे, तसलं बोलून चार बायकांत हुंदके द्यायला मला वेळ नाही. 'तुम्हाला बारा वर्षांत जमलं नाही ते मला वर्षाच्या आत जमलं,' एवढंच त्यांच्या फोटोसमोर उभं राहून सांगायचंय.

पैसे कुठून आणणार असं तुम्ही विचाराल, कारण दुसरं काही विचारायला बँकेत शिकवत नसावेत. पैसे नाहीत. दोन हात आहेत, शिलाईचं मशीन आहे आणि जीभ आहे.

गोदामवाल्याला सांगा, शेडमध्ये जागा नाही.

वहिनी


२८ जानेवारी

ती. वहिनींस,

पत्र वाचून हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, तेवढे तुमचे आभार.

गणवेश शिवणं वेगळं आणि इंजिन बांधणं वेगळं. बाही उलटी लागली तर पोराला फार तर वर्गात चिडवतात. इंजिनात उलटं काही लागलं तर चिडवायला कोणी शिल्लक राहत नाही. पिस्टन कुठे असतो ते तरी माहीत आहे का? दादा पुस्तक वाचून चुकायचा. तुम्ही पुस्तकाचाही खर्च वाचवणार.

तरीही मी न्यायी माणूस आहे. लेखी देतो. ती गाडी स्वतःच्या इंजिनावर, कुणी न ढकलता, न ओढता, माझ्या दारापर्यंत आली, तर शेडमधला माझा निम्मा हिस्सा मी तुमच्या नावे सोडून देईन. मुदत सप्टेंबरअखेर. नाही आली, तर मी भंगारवाल्याला पाठवीन आणि तुम्ही तोंडातून अक्षर काढायचं नाही. मध्ये डोंगराचा चढ लागतो, तो धडधाकट गाड्यांनाही घाम फोडतो. एवढं सांगून ठेवतो, मागाहून सांगितलं नाही म्हणू नका.

यापुढे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवू नका. मी पोस्टात पेटी घेतली आहे, तिचा क्रमांक पाकिटावर आहे. घरी रंगकाम काढलंय, कागद इकडचे तिकडे होतात.

पैज घ्यायची हिंमत आहे का तेवढं लिहा.

तुमचा दीर


१४ मार्च

भावजी,

घेतली पैज. उत्तराला उशीर झाला, कारण माझे दोन्ही हात ग्रीसमध्ये होते. आणि हे काय, पत्रांसाठी पेटी? साहेबांना आता पत्रालासुद्धा लॉकर लागतो!

तुमचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेडच्या भिंतीला ठोकलंय. 'लेखी देतो'खाली लाल पेन्सिलीने रेघ मारली आहे.

शेजारणी म्हणाल्या, गाडी उघडाल तेव्हा त्यांची काहीतरी आठवण सापडेल, बघा. सापडली ना. मागच्या सीटखाली मेलेली घूस सापडली. वाळून लाकूड झालेली.

आधी बाजारातला एक मेकॅनिक बोलावला. त्याने गाडीभोवती फेऱ्या मारल्या आणि दर फेरीला 'व्हिंटेज' म्हणत मजुरीचा आकडा वाढवला. पुढची फेरी सुरू व्हायच्या आत मी त्याला फाटकाबाहेर काढला.

मग गुरगुऱ्या आला. गल्लीच्या टोकाला राहतो, बसडेपोतून फिटर म्हणून निवृत्त झालेला. सरळ बोलत नाही, गुरगुरतो, म्हणून गल्लीने नाव ठेवलंय. एवढा बढाईखोर माणूस मी तुमच्यानंतर हाच पाहिला. म्हणे त्याने हात लावलेलं इंजिन आजवर बंद पडलं नाही. मग डेपोच्या निम्म्या बसगाड्या कायम रस्त्याच्या कडेला का उभ्या असायच्या, ते मी विचारलं नाही. मजुरी ठरली तीन पँटी आणि एक कोट. त्या पोटाला कोट म्हणजे अर्धा तागा जाणार, पण तरी मेकॅनिकपेक्षा स्वस्त.

तुम्ही ज्या भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतंत तो येऊन गेला. मी त्याला त्याच्या ट्रकच्या सीटांना नवी कव्हरं शिवून दिली, त्याने मला रेडिएटर आणि दोन चाकं दिली. रंगारी मिळालाय, त्याच्या दोन्ही मुलींचे गणवेश माझ्याकडे.

गंज इतका, की पत्र्याला हात लावावा आणि पत्रा हातात यावा. तळाला एवढं भगदाड होतं की आत बसून रस्त्यावर पाय टेकले असते. गुरगुऱ्या जोडकाम करतो, तुकडे मी कापते. कागदाचा साचा करायचा, पत्र्यावर ठेवायचा, जोडाला अर्धं बोट जास्त धरून कापायचं. पत्रा म्हणजे जाड कापडच हो, फक्त शिवायला विस्तव लागतो.

पिस्टन कुठे असतो ते मला आता माहीत आहे. तुम्हाला आहे का?

सूनबाई बरी आहे ना? मुलाच्या धंद्याचं काय चाललंय? तुम्ही कधी लिहीत नाही.

वहिनी


२५ मार्च

ती. वहिनींस,

त्या गाडीतून प्रवास करायला निघालेला शेवटचा जीव म्हणजे ती घूस. तिचं काय झालं ते विसरू नका.

एका शिंपिणीने आणि एका बसफिटरने मिळून मोटार बांधायची, तीही पँटींच्या मोबदल्यात! उद्या एखादा सुतार सदऱ्याच्या बदल्यात तुमचा दात काढून देईल.

भंगारातला रेडिएटर बसवण्याआधी पाण्यात बुडवून फुंकून बघा, बुडबुडे येतात का. हे मदत म्हणून सांगत नाही. वाटेत बंद पडलात की तुम्ही उन्हाला दोष द्याल, ती पळवाट बंद करतो आहे.

मुलाचं चाललंय. मोठे धंदे पत्रात मावत नाहीत. सूनही बरी आहे.

दीर


३ जून

भावजी,

अक्षर वेडंवाकडं आहे, कारण ते डाव्या हाताचं आहे.

इंजिन सुरू झालं, ही चांगली बातमी. एवढा धूर झाला की समोरच्या घरातून दोन माणसं पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आली. पण सुरू झालं.

मग गुरगुऱ्या म्हणाला, 'गल्लीत एक फेरी मारून बघा.' मी विचारलं, 'ब्रेक बघितलेत ना?' तो म्हणाला, 'मी बसवलेले ब्रेक बघायचे नसतात.' ते त्याने अगदी खरं सांगितलं. बघण्यासारखं काही नव्हतंच. त्याने ब्रेकच्या नळीचा नट अर्धाच आवळला होता. गल्लीच्या उतारावर पाय दाबला तो थेट तळाला टेकला. समोर सुट्टीतली पोरं खेळत होती. मी गाडी भिंतीवर घातली.

पोरांना काही झालं नाही. भिंत पडली. बॉनेट दुमडलं. माझं उजवं मनगट मोडलं.

शाळा उघडायच्या तोंडावर उजवा हात प्लास्टरमध्ये. तीन शाळांचं कापड घरात येऊन पडलंय आणि मशीन झाकून ठेवलंय. काल शेडमध्ये जाऊन बसले होते. खरंच वाटलं, भंगारवाल्याला हाक मारावी आणि सुटावं. त्यांनी बारा वर्षं हिला सुटी ठेवली तेव्हा कुणाचं हाड मोडलं नव्हतं.

हसायचं असेल तर हसून घ्या. तुमची संधी आहे.

वहिनी


११ जून

ती. वहिनींस,

हसलो नाही. फार तर अक्षराला हसलो.

पैज मी मागे घेतो. त्या खटाऱ्याला पुन्हा हात लावू नका. तुम्हाला काही झालं तर मला दोन फोटोंसमोर उभं राहावं लागेल आणि मला भाषणं जमत नाहीत. त्या फिटरला फाटकात येऊ देऊ नका. हाड जुळायला वेळ लागतो, घाईने मशीनवर बसू नका.

शेडचं आपण तुमच्या सोयीने बघू. आणि गाडी घेऊन माझ्याकडे यायचा विचार तर पुरताच सोडा. इथे अजून रंगकाम चालू आहे, बसायला जागा नाही.

दीर


२२ जून

भावजी,

जानेवारीपासून रंगकाम? घर रंगवताय की डोंगर?

मनगट मोडल्याचं कळताच साहेब पैज मागे घेतात. म्हणजे जोवर मी हरणार अशी खात्री होती तोवर लेखी, आणि इंजिन सुरू झालं रे झालं की तोंडी माघार. बँकेने तुमच्याच हातात किल्ल्या दिल्या होत्या ना?

पैज मागे घ्यायला दोघांची संमती लागते, माझी नाही.

गणवेशांची काळजी नको. रंगाऱ्याची बायको मशीनवर बसते, मी शेजारी बसून तिच्यावर ओरडते. काजं-बटणं गुरगुऱ्या करतो, शिक्षा म्हणून. त्याची बोटं पान्यांना सरावलेली, सुई त्यांत दिसतच नाही. पहिल्या दिवशी त्याने एक सदरा स्वतःच्या पँटीला शिवला. पण बटण कसं लावतो विचारा! पोरगं कॉलेजात जाईल, बटण जागेवरून हलणार नाही. ब्रेकच्या नटाला एवढी माया लावली असती तर!

तेव्हा मी येणार. बसायला जागा नसली तर उभी राहीन.

वहिनी


८ सप्टेंबर

भावजी,

काल तुमच्या दारापर्यंत आले. स्वतःच्या इंजिनावर, कुणी न ढकलता, न ओढता.

सकाळी उजाडताच निघालो, मी आणि गुरगुऱ्या. तो नव्या कोटात. ब्रेक मी स्वतः तपासले, मग त्याच्याकडून तपासून घेतले, मग पुन्हा स्वतः तपासले. गाडी चालते. पण चालवायला इतकी भिकार चीज मी जन्मात हातात धरली नव्हती. गणवेश पोचवायची माझी जुनी व्हॅन मी वीस वर्षं हाकली, ती हिच्यापुढे पालखी. स्टिअरिंग फिरवलं की ही आधी विचार करते, मग वळते. आत पेट्रोलचा वास, ऑइलचा वास, आणि त्या घुशीचा अजून. असल्या खोक्यावर चांगली शहाणी माणसं का भाळतात कोण जाणे. तासाभरात माझ्या ध्यानात आलं, की तुमच्या दादांनी ही पुरी केली नाही ते आळसाने नव्हे. सुटी होती तोवरच ती सुंदर होती. मला उगाच वाटत होतं की त्यांना जमलं नाही.

चढावर रेडिएटर उकळायला लागला. गुरगुऱ्या म्हणाला, 'वजन जास्त होतंय.'

'मग उतरा.'

'मी?'

'निदान कोट तरी उतरवा.'

शेवटी दोघंही उतरले, तो आणि कोट. गाडीच्या बाजूने चालत, धापा टाकत, 'पहिलाच ठेवा! पहिला गिअर सोडू नका!' असा ओरडत तो माथ्यापर्यंत आला. एका ट्रकवाल्याने गाडी थांबवून विचारलं, 'मावशी, दोर लावू का?' मी म्हटलं, 'दोर लावलात तर माझी शेड जाईल.' तो बिचारा दचकून निघूनच गेला.

तुमच्या घरापाशी आले आणि हॉर्न दिला. चांगला लांबलचक दिला, जानेवारीपासून साठवलेला. पांढऱ्या कोटातल्या एका मुलीने दार उघडलं आणि विचारलं, 'अपॉइंटमेंट आहे का?'

मी म्हटलं, 'साहेबांना बोलव.'

'डॉक्टर पेशंट बघताहेत.'

तुमच्या दिवाणखान्यात, जाऊबाई होत्या तेव्हा त्यांचं कपाट असायचं त्या कोपऱ्यात, आता दाताच्या डॉक्टरची खुर्ची आहे. तिच्यात एक माणूस तोंडाचा आ करून माझ्याकडे बघत होता. माझंही तोंड तसंच उघडं असणार.

शेजारच्या औषधवाल्याने सगळं सांगितलं. मुलाच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिलात. धंदा बुडाला, मुलगा आणि सून शहर सोडून गेली, घर डिसेंबरातच दुसऱ्याचं झालं. सही करताना साहेबांचा चष्मा कुठे होता? तेव्हा कळलं, शेड विकायची एवढी घाई कशासाठी होती. आणि मी समजत होते, हाव सुटली आहे.

औषधवाला म्हणाला, पिवळ्या खानावळीच्या वरच्या खोलीत असतात. गाडी कोपऱ्यावर ठेवली, गुरगुऱ्याला आत बसवलं आणि तिथवर चालत आले. गॅलरीत दोरीवर पांढरा शर्ट वाळत होता. झिजलेली कॉलर उसवून, उलटून पुन्हा लावलेली. आणि लावली कशी, तर बोटबोटभर टाके घालून. स्वतःच लावली असणार. असं घाणेरडं काम कुठलाच शिंपी करणार नाही.

खाली थोडी थांबले. वर आले नाही. वर आले असते तर तुम्हाला खुर्ची मला द्यावी लागली असती, आणि दुसरी बहुधा नसावी.

आता तुम्हीच सांगा पैज कुणी जिंकली. मी दारापर्यंत आले, पण दारच तुमचं नव्हतं. इतके महिने मला हसत होतात ते कुठे बसून हसत होतात, भावजी?

वहिनी


१७ सप्टेंबर

ती. वहिनींस,

खाटेवर बसून हसत होतो. दुसरी खुर्ची काय, पहिलीही नाही.

तुम्ही आलात ते मला माहीत आहे. आधी आवाज आला. खानावळीतले लोक हातातले घास टाकून रस्त्यावर आले, कुणी म्हणालं पिठाची गिरणी फुटली. मी ओळखलं. खिडकीतून पाहिलं तर तुम्ही गाडी कोपऱ्यावर लावत होतात, म्हणजे पदपथावर चढवत होतात. तुम्ही क्लच पूर्ण दाबत नाही. गिअर टाकताना जी किंकाळी ऐकू आली ती गिअरबॉक्सची होती, आणि ती रास्त होती.

मग तुम्ही खाली येऊन उभ्या राहिलात. मी कडी लावून दाराआड उभा. जिना चढला असतात तर काय केलं असतं, सांगता येत नाही. 'घरात कोणी नाही' असं आतून ओरडलो असतो बहुतेक.

छत्तीस वर्षं समोरच्या माणसाला बजावत आलो, जामीन राहू नका, पोटच्या पोराला तर नकोच. मग पोटचं पोर समोर बसलं आणि मी पेन शोधायला लागलो. त्याला दोष देऊ नका. नाही, द्या. मीही रोज देतो, सकाळचा वेळ बरा जातो. त्याचा फोन येत नाही. आला तर मी तुमच्यासारखाच उचलणार नाही, असं ठरवलंय. फोन मात्र उशाशी घेऊन झोपतो.

दादा असता तर त्याला सांगितलं असतं. तो गाडीखालून नुसता 'हं' म्हणाला असता. तेवढं पुरलं असतं.

सोबत शेडमधला हिस्सा सोडल्याचा कागद आहे, साक्षीदारांच्या सह्यांसकट. तुम्ही आलात, मी हरलो. दार कुणाचं, हा वाद वकिलांचा. आणि एक सांगून ठेवतो. दया दाखवणार असाल तर उत्तर लिहू नका. तुमचं टोचून बोलणं मला मानवतं, दया मानवत नाही.

तुमचा दीर


२४ सप्टेंबर

भावजी,

दया? ती मी नवऱ्यालाही दाखवली नाही, तुम्ही कोण लागून गेलात!

तुमचा कागद चांगला जाड निघाला. त्यातून शर्टाच्या कॉलरचा साचा कापून घेतला. सगळे शर्ट घेऊन या, त्या कॉलरी मला बघवत नाहीत.

पैज दाराची होती. दार नाही तर पैज नाही. म्हणजे शेड अजून निम्मी तुमची. निम्म्या शेडचा मालक खानावळीच्या वर खाटेवर बसलाय, हे कळलं तर लोक तुम्हाला नाही, मला नावं ठेवतील. मागची खोली रिकामी केली आहे. भिंती रंगवल्या आहेत, चारही, पुऱ्या. दार गुरगुऱ्याने बसवलंय, तेव्हा ते वाकडं आहे. कडी आतून आहे, तुम्हाला लागते असं दिसतं.

लोक काय म्हणतील हे लिहून कागद वाया घालवू नका. एका फाटकाच्या आत दोन म्हातारी दिवसभर भांडतात, असं म्हणतील. आणि ते खरंच असेल.

फुकट राहायचं नाही. गणवेशांची गाठोडी शाळाशाळांतून पोचवायची आहेत, आणि व्हॅन विकून मला दोन वर्षं झाली. ही गाडी आता तुम्ही चालवायची. मी जिथपर्यंत न्यायची म्हटलं होतं तिथपर्यंत नेली, आता मला तिचं तोंड बघायचं नाही. क्लच तुम्ही दाबा, पूर्ण.

मुलाचा फोन आला तर उचला. उचलून चार शब्द ऐकवा, पण उचला. न उचलता भांडण पुढे जात नाही, हे मला तुमचे फोन न उचलून कळलं.

येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी गुरगुऱ्या गाडी घेऊन येईल. सामान खाली आणून ठेवा. पोटामुळे तो जिने चढत नाही.

वहिनी


३ ऑक्टोबर

ती. वहिनींस,

काही गोष्टी आधीच स्पष्ट झालेल्या बऱ्या.

मी उपकार घेत नाही. गाडी चालवीन ती केवळ गिअरबॉक्सची दया येते म्हणून. त्या फिटरने चढ चढून यावं, परतीला उतारावर मात्र स्टिअरिंग माझ्या हातात राहील. ब्रेक मी निघण्याआधी स्वतः बघेन. शर्ट पाच आहेत, पैकी दोन तुम्ही बघू नयेत अशा अवस्थेत आहेत.

शिवाय त्या मागच्या खोलीला, मला आठवतं त्याप्रमाणे, एकच खिडकी आहे आणि ती पश्चिमेला. दुपारभर ऊन थेट डोळ्यांवर येतं. मला दुपारी झोपायची सवय आहे. एवढी साधी गोष्ट तुमच्या लक्षात यायला हवी होती.

दीर


८ ऑक्टोबर

भावजी,

आली होती. पडदा शिवून लावलाय.

वहिनी